आधी फेन्स ठरला, आता टेबल सॉ कोणती घ्यायची?

टेबल सॉ म्हणजे टेबलामधून वर येणाऱ्या गोल पात्याची करवत, आणि फेन्स म्हणजे फळी ज्याला टेकवून चिरायची ती सरळ पट्टी. इन्क्रासारखा स्क्रूवर सरकणारा फेन्स किंवा बिसेमायर पद्धतीचा जाडजूड टी-स्क्वेअर फेन्स वेगळा विकत घ्यायचा ठरला, की टेबल सॉ निवडण्याचं सगळं गणितच बदलतं. एरवी सॉ बघायला गेलं की आपला हात आधी फेन्सकडे जातो. तो सरकवून बघायचा, लॉक करून हलवून बघायचा, डुगडुगला की नाक मुरडायचं. आता ते सोडून द्या. फेन्स भंगार आहे म्हणून जी सॉ स्वस्तात निघतेय, तीच कदाचित तुमच्या कामाची असेल. आणि उत्तम फेन्ससकट मिळणारी महागडी सॉ घेतलीत, तर एकाच वस्तूचे पैसे दोनदा मोजाल.

हे फेन्स अमेरिकेतल्या टेबल सॉच्या मापांवर बेतलेले असतात. त्यामुळे लेखाचा बराचसा भाग न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात गॅरेजमध्ये लाकडाशी खेळणाऱ्या मराठी मंडळींना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. पुण्या-नाशकात किंवा गोव्यात बसून हा उद्योग करायचा असेल त्यांच्यासाठी पुढे वेगळा भाग आहे, पण मधलं तपासणीचं सगळं त्यांनाही तितकंच लागू आहे.

फेन्स काय दुरुस्त करतो

फक्त स्वतःला. फळी ब्लेडपासून किती अंतरावर चिरली जाईल आणि तेच अंतर उद्या पुन्हा मिळेल का, एवढाच प्रश्न फेन्स सोडवतो. टेबल वाकडं असेल, ब्लेड स्लॉटला (टेबलातल्या लांब खाचेला) समांतर नसेल, आर्बर (ब्लेड बसतं तो दांडा) डगडगत असेल, मोटर सागवानात गुदमरत असेल, तर जगातला सगळ्यात महाग फेन्ससुद्धा हताशपणे बघत राहील.

म्हणून सॉ घेताना लक्ष आणि पैसा जे बदलता येत नाही तिकडे घालायचा. फेन्स बदलता येतो, ब्लेड बदलता येतं, विंग्ज (टेबलाच्या दोन्ही बाजूंना जोडलेले पंख) बदलता येतात, थोड्या खटपटीनं मोटरही बदलता येते. टेबल, ट्रनियन आणि आर्बर मात्र जन्मजात. ट्रनियन म्हणजे टेबलाखालचा तो कमानदार ओतीव भाग, ज्यावर ब्लेड-मोटर टांगलेली असते आणि जो तिरका होतो.

पहिली पायरी : फेन्स नक्की कोणत्या जातीचा?

सॉ बघायला निघण्याआधी फेन्सचं मॉडेल पक्कं करा, त्याची बसवण्याची पुस्तिका कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि रेल्सची, म्हणजे फेन्स ज्यांवर बसतो त्या पट्ट्यांची, मापं वहीत लिहा. ढोबळमानाने दोन जाती आहेत आणि त्यांच्या गरजा वेगळ्या.

टी-स्क्वेअर जात अॅरिझोनाच्या बिल बिसेमायर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. पुढच्या कडेला एक जाड चौकोनी पोलादी नळी, तिच्यावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा फेन्स, आणि लॉक फक्त पुढच्या बाजूला. मागची पट्टी असलीच तर ती विंग आणि जोडटेबलाला आधार म्हणून. फेन्स उचलून बाजूला ठेवता येतो, ब्लेडच्या डावीकडेही लावता येतो. आज बहुतेक कॅबिनेट सॉवर, म्हणजे पोलादी कपाटावर बसलेल्या जड सॉवर, याच रचनेची नक्कल असते. त्यामुळे नवी कॅबिनेट सॉ घेणार असाल आणि तुमच्या मनात टी-स्क्वेअरच असेल, तर वेगळा फेन्स घेण्याची गरजच नाही. सॉबरोबर येतो तो वापरा.

दुसरी जात इन्क्राची. टेक्सासमधल्या डॅलसच्या टेलर डिझाइन ग्रुपची ही वस्तू. यात उजवीकडे एक पोझिशनर असतो. त्यातला लीड स्क्रू ठरावीक अंतरावर, इंची आवृत्तीत इंचाच्या बत्तिसाव्या भागावर, फेन्स अडकवून ठेवतो, आणि मधल्या मापासाठी हजारांश इंचाची बारीक चावी असते. फायदा अचूकतेपेक्षा पुनरावृत्तीचा. सकाळी ७२ मिलिमीटरवर चार पट्ट्या काढल्या, मध्ये फेन्स हलवून दुसरं काम केलं, दुपारी परत ७२ वर आणला, की पाचवी पट्टी पहिल्या चारांत मिसळून जाते.

फूटभर रुंद फळी पावसाळ्यात मिलिमीटरभर सहज फुगते, मग एवढ्या बारकाव्याचं काय करायचं, असं कुणी म्हणेल. म्हणणं चूक नाही. पण एका ड्रॉवरचे चारही भाग एकाच दिवशी, एकाच हवेत कापलेले असतात आणि त्यांना फक्त एकमेकांशी जुळायचं असतं. नुसत्या प्लायवूडच्या कपाटांसाठी मात्र इन्क्रा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे टी-स्क्वेअर जास्त वेगवान.

इन्क्रा जागा खाते. पोझिशनर उजवीकडे बराच बाहेर जातो आणि फेन्स ब्लेडपासून दूर नेला की आणखी बाहेर. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये एका बाजूला गाडी उभी राहणार असेल तर जमिनीवर खडूने आखून बघा. शिवाय तिची मागची रेलही कामाची असते, त्यामुळे टेबलाची मागची कड मोकळी हवी. हे पुढे लागेल, लक्षात ठेवा.

किती रुंदीची रेल? आठ बाय चारचं प्लाय मधोमध चिरायला ब्लेडच्या उजवीकडे २४ इंच लागतात, म्हणजे ३० इंची पुरते. ५२ इंची घेतली तर सॉची एकूण लांबी सात फुटांच्या घरात जाते. गॅरेजमध्ये सायकली, फ्रीझर आणि दिवाळीच्या माळांचे खोकेही राहणार असतील, तर ३० वर समाधान माना.

दुसरी पायरी : सॉचा वर्ग

उचलून नेण्याजोग्या जॉबसाइट सॉ यादीतून सरळ काढून टाका. त्यांचं टेबल अॅल्युमिनियमचं आणि आखूड, कडा पातळ, रेल्स अंगभूत, मायटर स्लॉटही (वर म्हटलेली टेबलातली खाच) अनेकदा प्रमाणित मापाचा नसतो. डिवॉल्टच्या रॅक-पिनियन फेन्ससारखा चांगला फेन्स त्यांच्यावर असतो, तो आहे तसाच वापरावा. अशा सॉवर बाहेरचा फेन्स चढवायच्या कसरती लोक करतात. त्या वेळात एक कपाट तयार होईल.

उरतात तीन वर्ग. कॉन्ट्रॅक्टर सॉमध्ये मोटर मागे बाहेर लोंबते आणि ट्रनियन टेबलाच्या पोटाला बोल्टने लावलेला असतो. कॅबिनेट सॉमध्ये सगळं पोलादी कपाटाच्या आत, ट्रनियन कपाटाला जखडलेला आणि टेबल वरून वेगळं ठेवलेलं. हायब्रिड या दोघींच्या मधली. मोटर आत असते, पण ट्रनियन काहींचा टेबलाला, काहींचा कपाटाला. जाहिरातीत हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, म्हणून भागांचा नकाशा उघडून बघा.

ट्रनियन कुठे जोडलाय याला एवढं महत्त्व का, तर ब्लेड स्लॉटला समांतर करण्याचं काम त्यावर ठरतं. कॅबिनेटला जोडलेला असेल तर टेबलाचे तीन-चार बोल्ट सैल करायचे, टेबलाच्या कोपऱ्याला लाकडी हातोड्याने हलकेच टिचकी मारायची, मोजायचं, घट्ट करायचं. अर्ध्या तासाचं काम. टेबलाला जोडलेला असेल तर खाली पाठीवर झोपून, अंधारात हात घालून, पाना कसाबसा फिरवत शेकडो किलोचं नाही तरी बऱ्यापैकी जड धूड केसभर सरकवायचं. आणि बोल्ट घट्ट करताना ते परत हलतं. होतं, पण दिवस जातो.

तिसरी पायरी : टेबलाची कड बघा

फेन्सची रेल टेबलाच्या पुढच्या कडेला बोल्टने बसते, म्हणून बिडाचं टेबल हवं आणि त्याची पुढची कड सपाट, मशीनवर कापलेली हवी. कडेवर बोट फिरवून बघा. गोलाई, उतार किंवा ओतकामाचा खडबडीतपणा असेल तर रेल तिच्यावर टेकणार नाही.

खोली २७ इंच, म्हणजे ६८६ मिलिमीटर, हे अमेरिकन पूर्ण आकाराच्या सॉचं रूढ माप आहे आणि बहुतेक फेन्स त्यालाच धरून बनवलेले असतात. त्यापेक्षा लहान टेबल असेल तर पुस्तिकेत परवानगी आहे का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मायटर स्लॉट पाऊण इंच रुंद आणि तीन सूत (इंचाचे तीन अष्टमांश) खोल असला की बाजारातली स्लेड, फेदरबोर्ड, मायटर गेज (कोनात कापताना फळी धरणारा सरकता टेकू) अशी जोडसाधनं सगळी बसतात.

कडेवरची भोकं तुमच्या रेलच्या भोकांशी जुळतील याची खात्री नसते. काळजीचं कारण नाही. बीड ड्रिलला मऊ लागतं, तेलाशिवायही कापलं जातं आणि त्यात आटेही नीट पडतात. मात्र भोक जिथे पाडायचं तिथे टेबलाच्या खालून आडवी बरगडी आलेली नाही ना, हे हात फिरवून बघा. बरगडीवर ड्रिल आलं की बोल्टला नट लावायला जागाच उरत नाही.

विंग्जही तपासा. पत्र्याच्या दाबीव विंग्ज चालतात, पण त्यांची पुढची कड मुख्य टेबलाच्या कडेशी एका रेषेत असायला हवी. एखादी विंग एक मिलिमीटर पुढे आलेली असेल तर बोल्ट आवळताना रेल तिच्याभोवती धनुष्यासारखी वाकते आणि मग दर सहा इंचांवर फेन्सचा कोन बदलत जातो. विंगचे बोल्ट सैल करून ती मागे ढकला. नाही सरकली तर कानशीने घासा.

कॉन्ट्रॅक्टर सॉवर इन्क्रा बसवणार असाल तर ब्लेड पूर्ण ४५ अंशांत तिरकं करून बघा. मागे लोंबणारी मोटर ब्लेडबरोबर फिरत वर येते आणि मागच्या रेलच्या जागेत घुसू शकते. विक्रेत्यासमोरच टेप लावून मोजा.

चौथी पायरी : डायल इंडिकेटर घेऊन जा

जुनी सॉ बघायला जाताना चार वस्तू बरोबर न्या : डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक काट्यावर दाखवणारं मापक), निदान दोन फुटी स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी), फीलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पात्यांचा) जुडगा आणि काळं मार्कर. विक्रेता थोडा चक्रावेल, पण ज्याची सॉ चांगली आहे तो आनंदाने बघत उभा राहील. सुरुवातीला प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा.

स्ट्रेट एज टेबलावर कर्णरेषेत ठेवून खाली फीलर गेज सरकवा. पूर्ण टेबलावर पाव मिलिमीटरपर्यंत खळगा असेल तर मी हरकत घेत नाही. ब्लेडच्या आसपासच्या भागात मात्र याच्या निम्म्याहून कमीच हवा. मधोमध उंचवटा असला तर तो खळग्यापेक्षा वाईट, कारण फळी त्यावर डुलते.

आता खरी परीक्षा. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दाताजवळ मार्करने खूण करा. मायटर गेजला इंडिकेटर चिकटवा, गेज स्लॉटमध्ये एका बाजूला दाबून धरा आणि खूण केलेल्या दाताजवळ ब्लेडच्या पुढच्या टोकाला माप घ्या. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि तिथे माप घ्या. दोन्ही वेळी तोच दात घेतल्याने ब्लेडचा स्वतःचा वाकडेपणा हिशेबातून निघून जातो, उरतो तो फक्त ब्लेड आणि स्लॉटमधला कोन. ०.१ मिलिमीटरच्या आत फरक असला तर उत्तम. अर्धा मिलिमीटर असला तरी घाबरू नका, जुळवता येतो. फक्त जुळवायची सोय आहे का आणि बोल्ट गंजून जाम झालेले नाहीत ना, ते बघा.

हेच मोजमाप ब्लेड ४५ अंशांत तिरकं करून पुन्हा घ्या. बहुतेक लोक हे विसरतात. ९० ला समांतर आणि ४५ ला तिरकं असं आलं, तर ट्रनियनचा अक्ष टेबलाच्या पातळीला समांतर नाही असं समजा. कॅबिनेट सॉमध्ये टेबलाच्या पुढच्या किंवा मागच्या दोन बोल्टांखाली पातळ पत्र्याची शिम घातली की प्रश्न सुटतो. टेबलाला टांगलेल्या ट्रनियनमध्ये हाच उपाय जास्त किचकट.

शेवटी ब्लेड काढून आर्बरच्या फ्लँजवर (ब्लेड जिला टेकतं त्या चकतीवर) इंडिकेटर टेकवा आणि आर्बर हाताने फिरवा. ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे एक हजारांश इंच, इथपर्यंत चालतं. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण फ्लँजची त्रिज्या सव्वा इंचाच्या आसपास आणि ब्लेडची पाच इंच, म्हणजे दातापाशी तोच डगडगाट चौपट होऊन ०.१ मिलिमीटर होतो. एक सूत हवा असलेला ब्लेडचा काप त्यापेक्षा रुंद पडतो आणि कडेवर रेघा उमटतात. इंडिकेटर लावताना आर्बर बोटांनी वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळही बघून घ्या. बेअरिंग बदलता येतात. वाकलेला आर्बर मात्र सोडून द्यायचा.

गंज दिसला तर भाव पाडायचं साधन म्हणून वापरा, त्याला दोष समजू नका. टेबलावरचा तांबडा गंज बारीक घासकागद आणि पेस्ट वॅक्सने एका दुपारी जातो. तडा मात्र सोडू नका, टेबलाला असो की ट्रनियनला. बिडाचा तडा घरगुती वेल्डिंगने भरवशाचा होत नाही.

डावीकडे झुकणारी की उजवीकडे?

तिरक्या कापात ब्लेड डावीकडे झुकणारं असेल तर ते उजवीकडच्या फेन्सपासून लांब जातं. उजवीकडे झुकणारं ब्लेड फेन्सवर झुकतं आणि मधला तुकडा अडकून मागे भिरकावला जाण्याची शक्यता वाढते. म्हणून आजच्या बहुतेक नव्या सॉ डावीकडे झुकणाऱ्या. पण अचूक फेन्स लावणाऱ्याला एक किंमत मोजावी लागते. डाव्या झुकावाच्या सॉमध्ये फ्लँज ब्लेडच्या डावीकडे असते, म्हणून जाड ब्लेड काढून पातळ लावलं की ब्लेडची उजवी बाजू सरकते आणि फेन्सचं शून्य अर्धा मिलिमीटर किंवा थोडं जास्त चुकतं. उजव्या झुकावात हा त्रास नसतो. मी तरी डाव्या झुकावाचीच घेईन आणि एकाच जाडीची ब्लेडं ठेवीन.

वीज

अमेरिकेत १२० व्होल्टच्या साध्या सर्किटवर पावणेदोन अश्वशक्तीच्या पलीकडे जाता येत नाही. ती शक्ती पाऊण इंची ओक किंवा मेपल चिरायला पुरते, फक्त ब्लेड धारदार आणि चिरण्याचं असावं. दोन इंच जाडीचं कठीण लाकूड रोज चिरायचं असेल तर २४० व्होल्टची तीन अश्वशक्ती घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र सर्किट ओढून घ्या.

लिलावात किंवा शाळेच्या बंद झालेल्या वर्कशॉपमधून निघालेली थ्री-फेज युनिसॉ किंवा पॉवरमॅटिक ६६ ही जुनी कॅबिनेट सॉ स्वस्त दिसते, कारण घरी थ्री-फेज नसतं. व्हीएफडी (सिंगल फेज विजेतून थ्री-फेज तयार करून देणारं उपकरण) लावून ती सिंगल फेजवर चालवता येते, आणि बरेच जण चालवतात. फक्त डेल्टाची युनिसॉ १९३९ पासूनची आहे आणि तिच्या अगदी जुन्या मॉडेल्सवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची खास मोटर होती. ती जळालेली असेल तर बाजारातली कोणतीही मोटर तिथे सरळ बसत नाही, ब्रॅकेटसकट शोधावी लागते.

हौशी लोकांची आवडती जुनी सॉ म्हणजे ११३ ने सुरू होणाऱ्या मॉडेल नंबरच्या क्राफ्ट्समन, ज्या एमर्सन इलेक्ट्रिक सिअर्ससाठी बनवत असे. बिडाचं टेबल, पाच सूत आर्बर, २७ इंच खोली, आणि मूळ फेन्स इतका सुमार की तो काढून टाकताना कुणालाच दुःख होत नाही. ट्रनियन टेबलाला टांगलेला, मोटर साधारण एक अश्वशक्तीची. कमी पैशांत सुरुवात करायची असेल तर तीवर टी-स्क्वेअर फेन्स ही जोडी मला पटते. तिच्यावर मोठा इन्क्रा चढवणं मला तेवढं पटत नाही. फेन्सची किंमत सॉच्या कित्येक पट होते, आणि पुढे सॉ बदलली की रेल्स पुन्हा उतरवून पुन्हा जुळवायच्या.

बोटं

राइव्हिंग नाइफ असलेली सॉच घ्या, हा माझा एकमेव हट्ट. ब्लेडच्या मागे, ब्लेडबरोबर वर-खाली होणारं हे पातं चिरलेली फळी मागून मिटू देत नाही. फळी ब्लेडच्या मागच्या दातांवर चढली की ती तुमच्याच दिशेने फेकली जाते. अचूक फेन्समुळे हा धोका कमी होतो, जात नाही, कारण लाकडातला ताण सुटून ते स्वतःच वाकतं. अमेरिकेत साधारण २००८ नंतर आलेल्या नव्या रचनेच्या सॉमध्ये ही पात असते. त्याआधीच्या सॉवर, म्हणजे वर कौतुक केलेल्या जुन्या युनिसॉ आणि क्राफ्ट्समनवरही, फार तर स्प्लिटर (काप मिटू न देणारं, पण ब्लेडबरोबर वर-खाली न होणारं पातं) असतो आणि तो सहसा हरवलेला असतो. जुनी घेतलीत तर ब्लेडच्या खाचेच्या झाकणात बसणारा स्प्लिटर आधी लावा, फेन्सची पेटी नंतर उघडा. पात नवी लावताना जाडी बघा. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापापेक्षा पातळ हवी.

सॉस्टॉप, म्हणजे बोट लागताच ब्लेड थांबवणारी सॉ, घेणार असाल तर फेन्सशी संबंधित एक भानगड आहे. बोट लागलं की ब्रेक काही मिलिसेकंदांत ब्लेड थांबवतो, कारण तो ब्लेडवरचा विद्युत संकेत बदललेला ओळखतो. अॅल्युमिनियमही विजेचं वाहक. फेन्सचा धातू किंवा मायटर गेजची अॅल्युमिनियमची पट्टी फिरत्या ब्लेडला नुसती टेकली तरी ब्रेक सुटतो, आणि ब्रेक कार्ट्रिज व ब्लेड दोन्ही एका क्षणात कामातून जातात. म्हणून अॅल्युमिनियमच्या फेन्सवर कायम पाऊण इंची प्लायची किंवा एमडीएफची बळीची पट्टी ठेवा, आणि मायटर गेजची पट्टी ब्लेडपासून किती दूर आहे ते प्रत्येक वेळी ब्लेड हाताने फिरवून बघा.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसवायचं असेल तर

आपल्याकडे साइटवरचा सुतार प्लायच्या टेबलाखाली हातातली सर्क्युलर सॉ उलटी लावून काम भागवतो, आणि फर्निचर कारखान्यात सरकत्या टेबलाची पॅनल सॉ असते. मधला वर्ग, म्हणजे बिडाच्या टेबलाची २७ इंची कॅबिनेट सॉ, इथे सहज सापडत नाही. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास किंवा मुंबईत रे रोडला फिरलात तर लाकूडकामाची देशी बिडाची मशीन दिसतील. टेबल भक्कम असतं, पण राइव्हिंग नाइफ बहुतेक नसतेच आणि स्लॉटचं माप ज्याचं त्याचं. अशा मशीनवर टी-स्क्वेअर फेन्स फॅब्रिकेटरकडून जाड चौकोनी नळीचा बनवून घेणं मला आयात करण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं. त्याची रचना तशी सोपी आहे. इन्क्रा मात्र घरी बनवायची गोष्ट नाही.

परत येताना कंटेनरमध्ये सॉ आणणाऱ्यांनी मोटरकडे आधी बघावं. २३० व्होल्टची आहे म्हणून इथे चालेल असं वाटतं, पण ती ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेली असते. आपल्या ५० हर्ट्झवर तिचा वेग एक षष्ठांशाने उतरतो, म्हणजे ३४५० फेऱ्यांऐवजी २८७५ च्या आसपास, आणि तेवढ्याच व्होल्टला ती जास्त तापते. ५० हर्ट्झची मोटर लावून पुलीचं गुणोत्तर बदलून घेतलं की ब्लेडचा वेग परत जागेवर येतो. थ्री-फेज मोटर व्हीएफडीवर लावायची असेल तर नेमप्लेटवर २३० डेल्टा आणि ४१५ स्टार असं दोन्ही लिहिलेली निवडा, म्हणजे घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी तिला पुरेल. साध्या सिंगल फेज मोटरला स्वतंत्र वायर आणि सुरुवातीचा झटका सोसणारा एमसीबी द्या, नाहीतर दर वेळी सुरू करताना घराचे दिवे मिणमिणतील.

ब्लेडचं भोक हीही डोकेदुखी. अमेरिकन आर्बर पाच सूत, म्हणजे १५.८८ मिलिमीटर. इथली दहा इंची ब्लेडं बहुतेक २५.४ किंवा ३० मिलिमीटर भोकाची. मध्ये कडी घालून बसवता येतात, पण कडी सैल असेल तर ब्लेड केंद्रातून हलतं आणि फेन्सवर घातलेले पैसे वाया. येताना तिकडचीच पाच-सहा ब्लेडं आणा. इथे त्यांना धार लावून मिळते.

बसवण्याचा क्रम

सॉ घरी आली की फेन्सची पेटी लगेच फोडायची घाई होते. आधी ब्लेड आणि स्लॉट समांतर करा, ९० आणि ४५ अशा दोन्ही कोनांत. मग विंग्ज टेबलाशी सपाट लावा. मग पुढची रेल बोल्ट हातानेच अडकवून ठेवा, दोन्ही टोकांना टेबलाच्या पृष्ठापासून खाली अंतर सारखं आहे का ते गुण्याने मोजा, आणि मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे आवळत जा. टोकांकडून मध्ये आलात तर रेलमध्ये पोक राहतो.

फेन्स टेबलाला नव्वद अंशांत उभा करा, मग स्लॉटला समांतर. इथे मी ब्लेडशी तुलना करत नाही, कारण ब्लेड आधीच स्लॉटला लावलेलं आहे. दोघांनाही एकाच रेषेवर तपासलं की चूक साठत नाही. फेन्सचं मागचं टोक ब्लेडपासून ०.०५ ते ०.१ मिलिमीटर लांब ठेवलं तरी चालतं, जवळ मात्र अजिबात नको. नंतर तीन-चार वेळा फेन्स दूर सरकवा, परत आणा, लॉक करा, मोजा. प्रत्येक वेळी तेच आलं तर पुढे जा. नाही आलं तर रेल कुठेतरी सैल आहे.

स्केलचं शून्य ब्लेडला फेन्स टेकवून लावू नका, दात पत्र्यापेक्षा बाहेर असतात. सुक्या, सरळ रेषांच्या लाकडाची पट्टी चिरा, तिची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजा. दोन्ही टोकं सारखी आली की कर्सर त्या आकड्यावर आणा आणि स्क्रू आवळा. दोन टोकांत फरक असेल तर कर्सरला हात लावू नका, फेन्सची समांतरता परत बघा. महिनाभराच्या वापरानंतर रेलचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या, नवे वायसर बसले की ते थोडे सैल होतात, आणि मग कर्सर पुन्हा एका पट्टीवर ताडून बघा.